जांभई

गोळी अर्धीच. नखाएवढी, मधोमध रेघ.
मासळीची सुरी चिंचेनं घासून घेतली,
रेघेवर ठेवली, टक्कन तुटली.
उरलेली अर्धी उद्याला, पानाच्या डबीत.

"काहीतरी खाऊन सकाळी घे," दापोलीच्या डॉक्टर म्हणाल्या,
"पहिले पंधरा दिवस त्रास देईल.
गुण यायला त्याहून वेळ.
आणि मनानं बंद करायची नाही."

मनानं.
मन जाग्यावर असतं तर
आले असते का बाई तुमच्याकडे?
हे मी बोलले नाही.

चार दिवस जमीन हलत राहिली.
बाप तांडेल. मी सात वर्षांची असताना
उलट्या वाऱ्यात किल्ल्याला वळसा घालून आणलं त्यानं,
झाडून सगळी पोरं ओकली.
मला बोट लागली नाही.
ती आता लागली, बेचाळिसाव्या वर्षी,
चुलीपुढं, पाटावर बसल्या बसल्या.

आणि वास.
ज्या वासात जन्मले, ज्यात हळद लागली,
जो माझ्या लुगड्यातून एसटीच्या सीटला लागतो
नि शेजारीण पदर नाकाशी नेते,
तो वास मला पहिल्यांदा आला.

हर्णैच्या बंदरावर पाटी उतरवून वाळूत ओकले.
शेवंतीनं तांब्या दिला, माझ्या पोटाकडं बघितलं.
"काय गो, कितवा?"
दिवेलागणीला पाजपंढरीत बातमी पोचली होती.
मी नाही म्हटलं नाही.
पोटातलं लोकांना कळतं.
डोक्यातलं सांगायला कुठनं सुरुवात करू?
त्या दिवसापासून, की
हलवा पुढ्यात घेऊन मी ओट्यावर तासभर बसले होते
आणि सुरी हातातच राहिली होती?

हरेश्वर त्या रात्री कैऱ्या घेऊन आला,
लाजत, नव्या नवऱ्यासारखा.
त्याच्या हातात गोळ्यांचं पाकीट दिलं.
त्यानं उलटंसुलटं वाचलं, तारीखसुद्धा.
मग एक कैरी फोडली, मीठ लावलं,
फोड माझ्याकडं सरकवली.
तोंडाला आठवडाभर कोरड होती, नुसता भुसा.
कैरीनं पाणी सुटलं.
एवढंच. पण सुटलं.

रात्री झोप नाही, उशी घामानं ओली.
तीनला होड्या सुटतात, इंजिनं मोजायची.
डॉक्टरांनी विचारलं होतं, जीव नकोसा होतो का.
"झाला तर रात्रीसुद्धा फोन कर."
नंबर कॅलेंडरवर, भरतीच्या वेळांच्या शेजारी.
अकराव्या रात्री केला.
तसं काही झालं नव्हतं,
उचलतात का ते बघायचं होतं.
उचलला.
आता काय बोलायचं? म्हटलं, "जांभया फार येतात."
"येतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही एक आली.

त्याच जांभईनं घात केला.
लिलावात म्हाकुलाच्या ढिगापुढं उगीच उभी होते,
घ्यायचं काही नव्हतं,
जबडा उघडला तसा हात तोंडाकडं गेला
आणि याकूब ओरडला, "अठराशे! विशाखाबाय, अठराशे!"
हात वर गेला की बोली. बंदराचा कायदा.
शेवंती फिदीफिदी, मग याकूब, मग बर्फवाले,
मीही हसले असेन,
कारण नंतर गाल दुखत होते,
वर्षभर न वापरलेल्या दारासारखे.

म्हाकूल दापोलीत सोळाशेला गेलं.
दोनशेला खड्डा.
हरेश्वरला सांगितलं, तर म्हणाला, "औषधात धर."

आज सोळावा दिवस. बरं वाटतंय असं नाही.
समुद्र समुद्राएवढाच आहे.
फक्त सकाळी शेजारच्या घरात
कुणीतरी लसूण फोडणीला टाकली
आणि मला भूक लागली; लागली
हे कळायलाच थोडा वेळ गेला.

उद्यापासून गोळी अख्खी.
सुरीला तेवढं काम कमी.
ओट्यावर हलवा आहे, डोळे अजून ताजे.
हात थरथरतो, खवले भिंतीवर उडतात.
उडू देत.
पुसायला उद्याची सकाळ आहे.